ओ आल्याशिवाय नाव नाही

वरवट बकालला चक्कीच्या बोळीत शिरलं की एका घराच्या पुढच्या खोलीतून माणसाचा आवाज येतो. नाक चोंदल्यासारखा, सपाट, न थांबणारा. बोलणं अर्धं इंग्रजी आणि अर्धं भलत्याच चालीचं मराठी. एकदा नवीन भाजीवालीनं पुष्पाबाईंना विचारलं होतं, "तुमच्या घरी पाव्हणे कोण आले वं? लय बोलून राह्यले."

"हाव ना," पुष्पाबाई कोथिंबीर निवडत म्हणाल्या. "पण तो पाव्हणा जेवत नाही, बाई. निस्ता करंट खाते."

तो पाहुणा म्हणजे सुचिताचा कॉम्प्युटर. सुचिता ही पुष्पाबाईंची नणंद. शाळेत असतानाच तिची नजर हळूहळू जात गेली, आणि कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा खिडकीचा उजेड तेवढा कळायचा. आता तोही कळत नाही. पडदा काळा आहे की निळा याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. पडद्यावर जे उमटेल ते तो चोंदलेला आवाज वाचतो, आणि ती ऐकते.

अमरावतीला ती कॉम्प्युटर शिकायला राहिली होती, तिथे अविनाश सर शिकवायला होते. त्यांनाही दिसत नसे. इतर लोक वापरतात तसा मेल त्यांनी तिला एक दिवस वापरायला दिला आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतला. त्यात जागोजागी चित्रं, जाहिराती, बटणं. आवाज बिचारा ते सगळं वाचत बसतो आणि कामाची ओळ येईस्तोवर हातातला चहा निवतो. त्याऐवजी सरांनी तिला जुन्या पद्धतीचा प्रोग्राम बसवून दिला. त्यात माउस नाही आणि बटणंही नाहीत. आपण एक ओळ लिहायची, मशीननं एक ओळ बोलायची. दोन शहाण्या माणसांसारखा कारभार.

अडचण राहिली ती पत्त्यांची. आपल्याकडच्या माणसांचे मेलचे पत्ते म्हणजे आगगाडी. नाव, मग टिंब, मग आडनाव, मग जन्मसाल, तेही कोणीतरी आधीच घेतलेलं म्हणून पुढे मोबाईल नंबराचं शेपूट. दिसणारा माणूस नजर टाकून मोकळा होतो. सुचिताला ते एकेक अक्षर ऐकावं लागे, एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यावर सरांनी तिला एलियस शिकवला. मेलवर असताना एक अक्षर दाबायचं. मशीन विचारतं, कोणत्या नावानं ठेवू? पत्ता हाच ना? माणसाचं पूर्ण नाव काय? आणि शेवटी, ठेवू का? हो म्हटलं की साध्या फायलीत एक ओळ वाढते. पुढच्या वेळी ते छोटं नाव लिहायचं, लांबलचक पत्ता मशीन आपणहून घालतं.

"दाखल्यावरचं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं असतं ना, तसं," सर म्हणाले होते. "हाक छोटी पाहिजे. चुलीपासून दारापर्यंत पोचली पाहिजे."

सुचिताला हे मनापासून आवडलं. नावं ठेवण्यात आमच्या भागातली माणसं तशीही कोणाला हार जात नाहीत. तिनं नावं ठेवली ती माणसांच्या चालीवरून. एका कॉलेजातले बाबू प्रत्येक गोष्टीला उद्या म्हणायचे, त्यांचं नाव 'उद्या'. मोताळ्याच्या शाळेचे मुख्याध्यापक नारायणराव सर कोणत्याही मेलला दोनच शब्दांचं उत्तर धाडत, 'प्राप्त झाले'. त्यांचं नाव 'प्राप्त'. बऱ्याच शाळांना एकदम कळवायचं असलं की 'शाळा' एवढं एकच नाव लिहिलं की पुरे, त्या एका नावामागे सगळे मुख्याध्यापक ओळीनं उभे राहत. पुष्पाबाईंनी एकदा विचारलं, "आन माह्यं नाव काय ठेवलं यात?"

"तुले मेल कुठं हाय, वयनी?"

"नसू दे. नाव त ठेवा."

आता ती हे सगळं कशासाठी करते ते सांगायला हवं. दहावी-बारावीला बसणाऱ्या अंध मुलांना लेखनिक लागतो. मूल सांगतं, लेखनिक लिहितो. तो खालच्या वर्गातला असावा लागतो, त्याच्या शाळेचं बोनाफाईड लागतं, फोटो लागतो, आणि ते सगळं परीक्षेच्या केंद्रावर आधी पोचावं लागतं. अमरावतीच्या जुन्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे, त्यात आपल्या जिल्ह्याचं हे काम सुचितानं अंगावर घेतलेलं आहे. गणपतीत सुरुवात होते. कोणाला लेखनिक हवा, कोणाची मुलगी बसायला तयार आहे, कोणत्या शाळेचे सर सही देतील, कोणते देणार नाहीत. फोनवर बोलणं होतं, पण कागद मेलनं जातात, कारण फोटो काढून पाठवलेला कागद सुचिताला वाचता येत नाही आणि फोनवरच्या बोलण्यावर कोणतीही शाळा शिक्का मारत नाही.

तिनं हे काम अंगावर घेतलं त्यालाही कारण होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिचा स्वतःचा लेखनिक आला नव्हता. त्याच्या मामेबहिणीची हळद होती आणि निरोप द्यायचा राहून गेला. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर तळहात ठेवून ती पूर्ण वेळ बसून राहिली. आजूबाजूला पेनांचा खरखर आवाज आणि मधूनच कोणीतरी पुरवणी मागितलेली. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती पास झाली, पण तो खरखर आवाज तिच्या कानातून गेला नाही. कोणाच्या पेपरला लेखनिक नाही असं व्हायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

यंदाच्या मुलांत रोहिणखेडची कौसर होती. बारावीला बसलेली. तिचे अब्बा गाद्या भरायचं काम करतात, आणि अम्मी सरवरी घर सांभाळून तेच टाके घालते. कौसरला अमरावतीच्या वसतिगृहात जागा मिळायची होती, यंदा पास झाली तरच. मोताळ्याची अकरावीतली मुक्ताई तिची लेखनिक. दोघींची सरावाची बैठक झालेली होती; कौसरनं सांगायचं कसं, स्वल्पविराम कुठे म्हणायचा, मुक्ताईनं मध्येच शहाणपण कसं करायचं नाही, सगळं सुचितानं फोनवरून घोटून घेतलं होतं. कौसरच्या अब्बांनी दोघींसाठी बाकावर टाकायला दोन पातळ गाद्यासुद्धा भरल्या होत्या.

मुक्ताईच्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. हे कळलं तेव्हा पुष्पाबाई म्हणाल्या, "बापाचं नाव ज्ञानेश्वर, पोरीचं मुक्ताई. निवृत्ती कुठं हाय म्हणा?"

"वावरात असंन," सुचिता म्हणाली. "बैलाचं नाव."

हा ज्ञानेश्वर वरवटचा जावई. त्यामुळे फोन घ्यायचा तर तोही सासुरवाडीला, शेषरावच्या दुकानातून. मेलचा पत्ता विचारला तेव्हा तो म्हणाला होता, "मले काय माहीत, ताई? फोन घेतला तवा शेषरावनंच काढून देल्लता. त्यालेच इचारा." शेषरावनं दुकानातून फोनवर पत्ता सांगितला, सुचितानं तो एकेक अक्षर लिहून घेतला, 'ज्ञानू' असं नाव ठेवलं आणि मोकळी झाली. ही गोष्ट गणपतीतली.

फेब्रुवारीत, पेपरच्या आधीच्या आठवड्यात, तिनं ज्ञानूला मेल पाठवला. सोबत बोनाफाईडचा नमुना. तो छापून शाळेतून सही-शिक्का घ्यायचा, फोटो चिकटवायचा, केंद्रावर द्यायचा. नाव लिहिताच मशीननं नेहमीसारखं पूर्ण नाव वाचून दाखवलं, 'ज्ञानेश्वर', अगदी स्पष्ट. मेल गेला. परत काही आलं नाही. तरी तिनं फोन करून सांगितलं. तिकडे हरभऱ्याचं थ्रेशर धडधडत होतं. ज्ञानेश्वर ओरडून म्हणाला, "हाव, हाव! पाहतो!"

आपल्याकडच्या 'हाव'वर सोयरिकी होतात, वावरं विकली जातात. सुचितानं तो 'हाव' धरला.

सोमवारी दुपारी जेवणं आटोपली होती आणि पुष्पाबाई ताटं घासत होत्या, तेव्हा सरवरीचा फोन आला.

"सुचिताताई, मी सरवरी बोलून राह्यली. सलाम करू का रडू, समजून नाही राह्यलं मले."

"काय झालं, भाभी?"

"सेंटरच्या सरांनं सांगतलं, कौसरच्या लेखनिकाचा कागदच नाही आला. आज संध्याकाळपर्यंत आला त ठीक, नाही त उद्या एकटी बसवा म्हणे. आता एकटी बसून काय करंन वं ती पोट्टी? पेपराचा वास घेईन?"

"कागद गेला ना, भाभी. मी सवताच पाठोला."

"तुमी पाठोला असंन. पण तो हाय कुठं?"

मागून कौसरचा आवाज आला, "अम्मी, उनको मत डाँटो." सुचिताच्या कानात तो जुना खरखर आवाज सुरू झाला.

तिनं पाठवलेल्या मेलांची यादी उघडली. मेल होता. ज्ञानेश्वर, नमुन्यासकट, गेलेला. मग ज्ञानेश्वरला फोन लावला. आज थ्रेशर बंद होतं, म्हणून बोलणं धड झालं.

"मेल? कोणता मेल, ताई?"

"मी म्हटलं ना तुम्हाले, कागद पाठोला म्हणून. तुम्ही हाव म्हटलं."

"मले वाटलं तुमी पोरीची तब्येत इचारून राह्यल्या." तो खरोखर शरमला होता. "आन मेल त मी कधी उघडलाच नाही. दिवाळीत फोन बी बदलला. शेषरावनं नवीन कायतरी काढून देल्लं त्यात."

"नवीन? पत्ता नवीन?"

"थे शेषरावलेच माहीत."

सुचितानं फायलीतली 'ज्ञानू'ची ओळ उघडली, आणि या खेपेला घाई न करता पत्ता अक्षर अक्षर ऐकला. आडनाव, जन्मसाल, जुन्या नंबराचं शेपूट. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मशीननं 'ज्ञानेश्वर' म्हटलं ते काही ज्ञानेश्वरला ओळखून म्हटलं नव्हतं. पूर्ण नाव काय, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनंच ते लिहून दिलं होतं. तिचंच बोलणं त्यानं तिला परत ऐकवलं, आणि ती समजत राहिली की माणूस सापडला.

"वयनी, हात धू. शेषरावकडे जायचं हाय."

शेषरावचं दुकान बाजाराच्या रस्त्याला. आधी त्यात एसटीडीचा फोन होता, मग झेरॉक्स आली, आता मोबाईल. अख्ख्या गावाचे मेल शेषरावनं काढून दिलेले. फोन विकत घेतला की मेल काढावाच लागतो, गिऱ्हाइकाला तो नको असतो, म्हणून शेषराव नाव-साल-नंबर ठोकून चालू करून देतो. पासवर्डही त्याचाच. पुढे गिऱ्हाईक फोन बदलायला येतं, जुना पासवर्ड ना त्याला आठवतो ना शेषरावला, मग सोपा उपाय: नवीन काढू. असे एकेका माणसाचे तीन-तीन पत्ते गावात फिरत होते आणि एकालाही मालक नव्हता.

"ज्ञानेश्वर जावई ना?" शेषरावनं खुर्ची पुढे सरकवली, तिचा पाय फरशीवर कुरकुरला. "थांबा. तो जुना मेल माह्या ह्या फोनात असंन अजून. इथं लय लोक पडेल हायेत." बराच वेळ बोटांची टकटक. "हे पाहा! सापडला, ताई. तुमचा मेल इथंच हाय. उघडेल बी नाही कोणं. एकदम सुखरूप."

"सुखरूप असून काय करता, भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या, "मुरांबा घालता का त्याचा?"

"आता मी काय केलं, वयनी? लोकच इचारत नाहीत."

"पोट्टीचं वर्ष जाऊन राह्यलं, आन तुमी..."

"वयनी, राहू दे," सुचिता म्हणाली. शेषरावशी भांडायला वेळ नव्हता, आणि भांडण तरी कशाचं? पत्ता तिनं घेतला, नाव तिनं ठेवलं. तिकडून कोणी एक ओळ लिहितं का, हे एकदाही पाहिलं नाही. "शेषरावभाऊ, नवीन पत्ता सांगा. आन हा जुना बंद करून टाका."

नवीन पत्ता मिळाला, पण त्याचा उपयोग आज नव्हता. तो फोन ज्ञानेश्वरच्या खिशात वावरात, मुक्ताई शाळेत, आणि कागद छापायचा मोताळ्यात. घरी येताना बोळीच्या तोंडाशी सुचिता थांबली.

"काऊन थांबल्या, बाई? पायात काही रुतलं का?"

"नाही. वयनी, मुक्ताईची शाळा नारायणराव सरांची ना?"

"मले काय माहीत वं."

पण सुचिताला माहीत होतं. घरी येऊन तिनं ज्ञानेश्वरला फोनवर सांगितलं, हातातलं काम तसंच टाका, पोरीचा फोटो घ्या आणि शाळेत जाऊन उभे राहा, कोणी हाकललं तरी हलू नका. मग नारायणराव सरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. परीक्षेच्या बैठकीत फोन बाहेर ठेवायला लावतात, हे तिला नंतर कळलं.

तिनं नवीन मेल उघडला. कोणाला, असं मशीननं विचारलं. तिनं 'प्राप्त' लिहिलं. या वेळी लांबलचक पत्ता शेवटपर्यंत ऐकून घेतला. नमुना जोडला, चार ओळी लिहिल्या: सर, उद्या पेपर आहे, चूक माझी आहे, मुलीचे वडील फोटो घेऊन दारात उभे आहेत, आज शिक्का मिळाला नाही तर कौसरचं वर्ष जाईल. पाठवला.

आणि मग काहीच नाही. चोंदलेला आवाज गप्प. सुचिता हात मांडीवर घेऊन बसली. चक्कीचा पट्टा फटफटत होता, बाहेर कोणीतरी बकरीला शिव्या देत होतं. पुष्पाबाईंनी चहा आणून ठेवला. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा चहा, आधीच मचूळ, त्यात निवला तर तोंडात धरवत नाही. तो तसाच निवला. पुष्पाबाई गेल्या नाहीत. खाटेवर बसून तूर पाखडायला लागल्या. सुपाची लय मध्येच थांबे, म्हणजे त्या नणंदेकडे पाहत असणार.

"येईन उत्तर," त्या एकदा म्हणाल्या.

"नाही आलं त?"

"नाही आलं त मी जाते मोताळ्याले. सही करतेत का नाही ते पाहते मंग."

सुचिताला हसू आलं, कारण वयनी खरंच गेली असती, सुपासकट.

सरवरीचा फोन मध्ये येऊन गेला, नुसतंच "काही समजलं का?" एवढं विचारून. "नाही, भाभी," एवढंच सुचितानं सांगितलं. खोटा धीर द्यायला तिची जीभ वळली नाही.

पुढच्या खोलीतली उन्हाची ऊब पायांवरून सरकून भिंतीकडे गेली, तेव्हा मशीन बोललं. नवीन मेल, नारायणराव सरांचा. सुचितानं तो उघडला. नेहमीचे दोन शब्द होते, 'प्राप्त झाले'. पण त्याखाली आणखी एक ओळ होती, जी या माणसानं आयुष्यात कधी लिहिली नव्हती. 'बैठकीतून आताच आलो, शिक्का मारून वडिलांच्या हाती दिले, केंद्रावरही मेल केला आहे, काळजी नसावी.'

पुष्पाबाईंनी सूप खाली ठेवलं. "वाच बरं परत," असं त्या मशीनलाच म्हणाल्या.

ज्ञानेश्वर केंद्रावरून निघाला तेव्हा त्याचा फोन आला, आणि त्याच्यापाठोपाठ सरवरीचा. ती या वेळी खरंच रडत होती आणि रडता रडता सांगत होती की गाद्या पिशवीत भरून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपर झाला. दुपारी कौसरनं स्वतः फोन केला. "ताई, निबंधाच्या वेळी मुक्ताईला हसू येत होतं. म्हणे तू लय फास्ट बोलते." आणि शेवटी म्हणाली, "वेळ पुरला."

सुचितानं त्या दिवशी जेवण झाल्यावर ती फायल उघडली आणि पहिल्या ओळीपासून ऐकायला सुरुवात केली. जेवढी नावं तेवढ्या सगळ्यांना, एकेकाला वेगळा, मेल पाठवला: 'सुचिता, वरवट बकाल. पोचलं का? एवढंच लिहा.' तासाभरात अविनाश सरांचा जबाब आला, 'पोचलं, पण झालं काय?' 'प्राप्त'चा आला, पुन्हा दोनच शब्दांचा, म्हणजे सर पूर्ववत झाले होते. 'उद्या' बाबूंचा दुसऱ्या दिवशी आला. बाकी बरेच आलेच नाहीत. ज्यांचा जबाब नाही, त्यांची ओळ तिनं काढून टाकली, आणि एकेकाला फोन करून, घरातल्या लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला फोनवर बसवून, नवा पत्ता मागितला. पुन्हा शेषरावच्या दुकानातून नाही, ज्याचा त्याच्याकडून. आणि पत्ता मिळाला तरी नाव लगेच ठेवलं नाही.

"मंग कवा ठेवता?" पुष्पाबाईंनी विचारलं. आता त्यांना यात रस यायला लागला होता.

"ओ आली की. हाक मारून पाह्यची, तिकडून ओ आली की मंग नाव."

"आन नाही आली त?"

"त त्याले नावानं नाही हाक मारायची. फोन लावायचा, नाही त माणूस धाडायचा."

शेषरावनंही आपली रीत थोडी बदलली. फोन विकला की गिऱ्हाइकाला त्याचा पासवर्ड स्वतःच टाकायला लावतो आणि तिथल्या तिथे सुचिताला एक मेल पाठवायला सांगतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. तो म्हणतो, "बाप्पा, ते बाई ओळखत नाहीत तोवर तुह्या मेलले अर्थ नाही."

मार्चमध्ये कौसरचा शेवटचा पेपर झाला. संध्याकाळी सुचिता पुढच्या वर्षाच्या मुलांची नावं घालत बसली होती, तेव्हा मशीन बोललं. पत्ता अनोळखी, छोटासा, जन्मसाल नाही, नंबराचं शेपूट नाही. मेल इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यामुळे चोंदल्या आवाजानं त्याची पार वाट लावली, पण सुचिताला सवय होती.

'ताई, मी मुक्ताई. बाबांच्या फोनवर माझा मेल मीच काढला. पासवर्ड कोणालाच सांगितला नाही, बाबांनाही नाही. पुढच्या वर्षी मी बारावीला, मग मला बसता नाही येणार, पण माझ्या वर्गाच्या खालच्या दोघीजणी तयार आहेत. त्यांना काय काय कागद लागतील ते मला पाठवा. पोचलं की सांगा.'

"पोचलं," सुचितानं लिहिलं आणि पाठवलं. मग त्या मेलवर परत येऊन नाव ठेवायचं ते अक्षर दाबलं.

कोणत्या नावानं ठेवू, मशीननं विचारलं.

'ज्ञानू'ची ओळ तिनं केव्हाच काढली होती. तिनं 'मुक्ताई' असं पूर्ण नाव लिहिलं, छोटं केलं नाही. पत्ता हाच ना? हो. पूर्ण नाव काय? तेच. ठेवू का?

"ठेव," असं तिनं तोंडानंही म्हटलं, आणि कळ दाबली.